हुन्नराची हद्द

आमच्या ऑफिसात नवा पंखा बसला, तेव्हा हेडक्लार्क कादरसाब खुर्चीवर चढले, पंख्याला जवळून न्याहाळलं, माझ्याकडून बटण तीनदा दाबून घेतलं आणि खाली उतरून निकाल दिला, "अप-टू-डेट. त्याच्या वर न्हाई."

पंख्याने वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. सगळ्यात पुढारलेल्या वस्तूला इंग्रजीत काय काय म्हणतात, याची कादरसाबांनी एक उतरंडच रचली होती. तळाला 'मॉडर्न', त्यावर 'अप-टू-डेट', मग 'लेटेस्ट', 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'कटिंग एज', आणि अगदी वर 'स्टेट ऑफ द आर्ट'.

"मॉडर्न म्हंजे नुस्तं नवं," ते सांगायचे. "चाललंच पायजे असं काय न्हाई. अप-टू-डेट म्हंजे आजच्यापुरतं ठीक. कटिंग एज म्हंजे धार हाय, पन अजून कुनी कापून बघितलं न्हाई. आन् स्टेट ऑफ द आर्ट म्हंजे मानसाचा हुन्नर आज जितवर पोचलाय ना, ती हद्द. ह्यो शबुद स्वस्त करायचा न्हाई, बिराजदार."

बिराजदार म्हणजे मी. निलंग्याचा, नुकताच चिकटलेला कारकून. लातूर जिल्हाही तेव्हा नुकताच झालेला होता. कपाटं यायची होती, उस्मानाबादहून आलेल्या फायली पोत्यांतच होत्या आणि आम्ही त्या पोत्यांवर बसून काम करत होतो. खातं कोणतं ते विचारू नका, पेन्शन अजून तिथूनच येते. जिल्हा वेगळा झाल्याचं बहुतेक पावसाला कुणी कळवलं नसावं. तो आमच्याकडे फिरकतच नव्हता.

कादरसाब मूळचे बिलोलीकडचे. शाळा उर्दूतली, इंग्रजी मात्र स्वतःच्या हिमतीवर कमावलेलं. रद्दीतली इंग्रजी मासिकं किलोवर आणायचे आणि नवा शब्द दिसला की वहीत उतरवायचे. पुठ्ठा गेलेली एक डिक्शनरी त्यांनी हिरव्या रेशमी कापडात बांधून ठेवली होती. ती उघडण्याआधी हात धुवायचे. दुष्काळातही तो नेम मोडला नाही, फक्त तांब्याऐवजी चार थेंबांवर आला. मोठमोठ्या साहेबांचे मसुदे त्यांच्या टेबलावरून दुरुस्त होऊन जात. एका शब्दासाठी इतका जीव टाकणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

वरच्या पायरीचा तो शब्द त्यांनी दहा-बारा वर्षांत दोघांनाच दिला होता, तोही तोंडी. एक नांदेडचा किल्लीवाला, जो कुलूप कानाशी धरून किल्ली घासायचा. दुसरा उदगीरचा एक म्हातारा कल्हईवाला.

"पातेल्यात तोंड दिसलं, बिराजदार," ते म्हणाले. "माझंच, पन जरा बरं."

अशात निलंगा तालुक्यातल्या एका गावाची पाण्याची योजना पूर्ण झाली. ठेकेदाराच्या गुळगुळीत माहितीपत्रकात 'स्टेट ऑफ द आर्ट' तीनदा छापलेलं होतं. साहेबांनी कादरसाबांना बोलावलं. साहेब पुण्याकडचे, माणूस वाईट नव्हता, पण घाईतला.

"कादरसाहेब, मुंबईला रिपोर्ट जायचाय. स्टेट ऑफ द आर्ट योजना कार्यान्वित झाली, एवढं वाक्य घाला. म्हणजे ते गाव टँकरच्या यादीतून काढता येईल."

"बघून येतो, साहेब."

"तुम्ही काय बघणार? पंप इंजिनिअरनं बघितलाय."

"पंप त्येंनी बघितला. शबुद माझ्या हातून चाललाय."

दुसऱ्या दिवशी कादरसाबांनी किरकोळ रजा टाकली आणि त्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी घालून एसटीत बसले. शेजारी मी. गावात पंप झकास उभा होता, हिरव्या रंगाचा, अजून वास येणारा. कादरसाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "मॉडर्न हाय," म्हणाले.

वीज आली आणि पाणी सुरू झालं. बाया घागरी लावू लागल्या आणि कादरसाब मोजू लागले. सतरावी घागर भरली, पंप खोकला आणि नुसती हवा सोडायला लागला.

"रोज एवडंच?" त्यांनी विचारलं.

"हाव," पंपाशेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली. कमळाबाई तिचं नाव. "टँकर येतोय म्हनून जगून राहिलो, बापा. त्यो तेवडा तोडू नगा."

मग तिने पदर खोचला आणि वाटणी सुरू केली. सतरा घागरी आणि चाळीस उंबरे. हातात एक तांब्या. कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाकडे पाहुणा उतरलाय, कुणाच्या म्हाताऱ्याला जुलाब लागलेत, सगळं तिच्या तोंडपाठ. ओतताना खाली फडकं धरायची आणि ते भिजलं की कोंबड्यांच्या वाडग्यात पिळायची. ना आरडाओरडा, ना कुणाचं कमी-जास्त. कादरसाब उकिडवे बसून पाऊण तास बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"हद्द," एवढंच म्हणाले.

रिपोर्ट त्यांनी स्वतः टाइप केला. त्याचा अर्थ असा होता: यंत्र मॉडर्न आहे. पाणी रोज सतरा घागरी येतं. त्या सतरा घागरींची गावातली एक वृद्धा ज्या रीतीने वाटणी करते, ती रीत स्टेट ऑफ द आर्ट आहे. टँकर चालू ठेवावा.

साहेब आधी हसले, मग तापले.

"हे मुंबईला पाठवू? लोक वेड्यात काढतील मला! एका शब्दावर अडून बसलाय तुम्ही. वाक्य बदला, नाहीतर दुसऱ्याकडून टाइप करून घेतो. आणि तुमचे पेन्शनचे कागद माझ्याच सहीने जायचेत, हेही लक्षात असू द्या."

मला वाटलं, आता कादरसाब डिक्शनरी काढणार. ते नुसते उभे राहिले.

"साहेब, बहात्तरच्या दुष्काळात मी टायपिस्ट होतो. वरनं सांगितलं, पानीपुरवठा 'सॅटिसफॅक्टरी' लिवा. लिवलो. त्या यादीत माझंच गाव होतं. बैलगाडीनं येनारं पानी बंद झालं. माझी रजिया हिरीत उतरली, वाटीनं पानी भरायला. वरनं दरड आली. नऊ वर्साची होती."

कादरसाबांनी टेबलावरचा रिपोर्ट साहेबांपुढे सरकवला.

"तवा मला इंग्रजी येत नव्हतं, साहेब. नुस्तं टाइप करता येत होतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पेन उघडून त्यांनी त्या रिपोर्टवर आहे तशी सही केली. वेड्यात काढायला मुंबईहून कुणी आलं नाही आणि गाव यादीत राहिलं.

पुढच्या टँकरबरोबर कादरसाब स्वतः गेले, ड्रायव्हरशेजारी बसून, आणि मलाही घेऊन गेले. टँकर थांबला तशी अख्खी वस्ती भांडी घेऊन धावली. कमळाबाई तांब्या उंचावून रांग लावू लागली. त्या गर्दीत कादरसाब मला कुठे दिसेनात.

शोधत गेलो, तर ते गावामागच्या जुन्या विहिरीच्या काठावर गुडघे टेकून खाली वाकलेले होते. शेरवानीला माती लागली होती. तळाशी दोन पोरी खडकातल्या झऱ्यापाशी वाटीने पाणी खरवडत होत्या.

"वर या गं माय," ते हाका मारत होते. "टँकर आलाय. वर या."

"येवडी कळशी भरू द्या की, चाचा!" खालून आवाज आला.

कादरसाब रागावले नाहीत. पोरी ज्या दोराला धरून उतरल्या होत्या, तो त्यांनी हाताला दोन वेढे देऊन घट्ट धरला. आधी कळशी आली, मग एक पोरगी, मग दुसरी. दोघी टँकरकडे पळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.