न पाठवलेलं बोलावणं

देवाची हाक ऐकू आली असं सांगत एखादा मुलगा आला, की फादर कायतान त्याला आधी जेवू घालीत. "पयलीं जेव. हाक पोटांतल्यान आयल्या काय वयल्यान, तें जेवल्यार कळटा," म्हणत त्याच्या ताटात आणखी एक पोईचा पाव टाकीत. निम्म्या मुलांची हाक तिथेच विरायची.

आमच्या ख्रिस्ती कॉलेजात पाद्री होऊ पाहणाऱ्या मुलांना वाट दाखवणं हे त्यांचं काम. मी मुळगावचा, मराठी शिकवणारा. राजभाषेच्या वादात स्टाफरूममध्ये मराठीवाले आणि कोंकणीवाले एकमेकांकडे पाठ करून बसत, तेव्हा हा कट्टर कोंकणीवाला पाद्री भांडण उद्यावर टाकून कपबशी घेऊन माझ्याच शेजारी यायचा. "मास्तर, भांडण फाल्यांय आसा. च्या निंवता."

एक मुलगा देवाला द्यायचा नवस कितीतरी घरांत असे. म्हणून फादर आईला व्हरांड्यात बसवून मुलाला विचारीत, "पाद्री तुका जावपाचें आसा, काय तुज्या आवयक?" बहुतेक मुलं रडत. जो रडला नाही, त्याला सांगत, "वर्सभर घरा राव. मागीर दिसलें जाल्यार ये." नंतर वाटलं तर मुलाने आपणहून यावं; ते मात्र कुणाला बोलावणं पाठवीत नसत. बोलावणारा देव, मध्ये मी कशाला लुडबुडू, असं त्यांचं म्हणणं.

हरमलचा आग्नेल असाच घरी गेला. मासेमाऱ्याचा अबोल मुलगा. "ह्या सगळ्यांत खरो तोच," फादर मला म्हणाले होते. वर्ष सरलं, दुसरंही सरलं, तो आला नाही. दारात कुणी उभं राहिलं की फादर घाईने वर बघत, आणि मग उगाच चष्मा पुसत बसत.

शेवटी एकदा म्हणाले, "मास्तर, स्कूटर काडा. हरमलचें नुस्तें हाडूया." मासळी तर कॉलेजच्या मागच्याच बाजारात मिळायची. मी स्कूटर काढली.

हरमलला पोचलो तेव्हा आग्नेल अंगणात जाळं विणत होता. बायको पोराला भरवत होती. त्याने फादरना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. इकडचं तिकडचं झाल्यावर, तो का आला नाही ते फादरनी विचारलंच, "येवंक ना मरे तूं?"

"तुमी आपोवंक येतले म्हूण रावलों, फादर. घरा येवन आपयल्याबगर आमी लग्नाकूय वचनांव." कुणी घरी येऊन बोलावल्याशिवाय लग्नालाही न जाणारी माणसं ती. "नवी पांटलून शिवून दवरिल्ली."

"हांव तुजी वाट पळयतालों रे."

"हांवूय तुमची."

फादरनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच राहिला. मला तिथे उभं राहवेना.

परतताना मांद्र्याच्या फाट्यावर त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "हांगा एकटो आसा. पेट्रोल आसा मू?"

असंच वर्षभरासाठी घरी पाठवलेल्या आणखी एका मुलाचं ते घर; त्याला कुलूप होतं. मुलगा तारवावर नोकरीला लागला, कधी येईल सांगता येत नाही, असं शेजारीण म्हणाली.

"तो आयलो की सांग," फादर तिच्यापाशी बोलावणं ठेवत म्हणाले, "कायतान पाद्री घरा येवन आपोवन गेला."