चौकड्याची लुंगी

"वाल्मीक! आज परत तेच! बघ, रेघा कशा नागमोडी गेल्यात!"

सत्तारशेठच्या आरोळीनं कारखान्यातले लूम थांबले. शेठच्या उजव्या डोळ्याचा मधला भाग वयानं कधीच कामातून गेला होता. समोरच्याच्या चेहऱ्याजागी नुसता धुरकट डाग. सगळी भिस्त डाव्यावर. डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद देऊन बजावलं होतं, "रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघा. रेघा वाकड्या दिसल्या, तर त्याच दिवशी या." पण जन्मभर चौकड्याच्या लुंग्या विणणारा माणूस कागद कशाला बघेल? शेठ रोज आपल्याच लूमची कोरी लुंगी भिंतीला ठोकत. आणि लुंगीत रेघ वाकडी दिसली, तर चूक विणणाऱ्याची, यात शेठना कसली शंकाच नव्हती.

त्यात आज हफसा यायची होती. कुवेतला दिलेली लेक, कित्येक वर्षांनी. फोनवर ती बोटाएवढी दिसायची. शेठना तिचा चेहरा एकदा पोटभर बघायचा होता, बस्स.

"शेठ, सरळ हाय की," लूम दुरुस्त करणारा वाल्मीक म्हणाला.

"सरळ? पट्टी लाव!"

वाल्मीकनं लोखंडी पट्टी लावली.

"बघ! पट्टीपण वाकडी! कुठून उचललीस?"

दुसरी पट्टी आणली. तीही वाकडी. मग शेठची नजर दाराकडे गेली आणि त्यांनी चौकट बसवणाऱ्या सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकाएकी ते थबकले.

"वाल्मीक, तुला हे सगळं सरळ दिसतंय?"

"एकदम सरळ."

"या अल्ला! तुझे डोळे गेले रे. घाल चपला, दवाखान्यात चल!"

गोदामांच्या ट्रेलरांमागे रिक्षा अडकली, तेव्हा शेठ वाल्मीकची समजूत काढत होते. "घाबरू नको. वयानं होतं असं."

"शेठ, मी तुमच्या पोरासारखा हाय."

"म्हणून तर वाईट वाटतंय."

डॉक्टरीणबाईंनी वाल्मीकला तपासून लगेच बाहेर बसवलं आणि शेठना मशीनसमोर घेतलं.

"रेघा कधीपासून वाकड्या दिसतायत?"

"आठवडा झाला. दोन कारागीर बदलले मी!"

"कारागिरांना परत बोलवा. तुमच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतंय. इंजेक्शन आजच्या आज. उद्यापर्यंत डोळा बांधून ठेवायचा."

शेठनी हात जोडले. "उद्या द्या ना. आज लेक येतेय माझी. तिला बघू द्या एकदा."

"तिला पुढंही बघायचंय ना?"

"मग आज कशानं बघू?"

"उजव्यानं. पण सरळ बघू नका. तिच्या कानापलीकडे नजर ठेवा, चेहरा दिसेल."

डाव्या डोळ्याला पट्टी बांधून शेठ घरी पोचले, तोवर हफसा आली होती. ती धावत येऊन समोर उभी राहिली. समोर नुसता डाग. शेठनी भिंतीकडे टक लावली.

"अहो, पोर इकडं हाय!" बायकोनं, शमीमबींनी, कपाळावर हात मारला. "इतक्या वर्षांनी आली, न् तुम्ही भिंत बघताय?"

हफसाला वाटलं, अब्बांना काहीच दिसत नाही. डोळे पुसत ती सरकली आणि बरोबर त्यांच्या नजरेपुढे आली. शेठनी नजर आणखी बाजूला नेली. ती तिकडे सरकली. शेठ वळले, तीही वळली. असे बापलेक अर्धी खोली फिरले आणि दारातल्या वाल्मीकला हसू आवरेना.

शेवटी शेठनी तिचे खांदे धरले, तिला जागच्या जागी उभं केलं आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"हलू नको गं," ते म्हणाले. "समोर आलीस की जातेस. अशीच बाजूला थांब. आत्ता कुठं दिसायला लागलीयस."