फिशटँकमधील अनधिकृत रहिवासी

केज येथील सन्मित्र कॉलनीत राहणारे, विस्तार अधिकारी या पदावरून सन्मानपूर्वक निवृत्त झालेले श्री. शहादेवराव यांच्या फिशटँकच्या आतल्या काचेवर एका सकाळी काही जीव विनापरवाना फिरताना आढळून आले. जीव पांढरे होते, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढे होते, आणि शहादेवराव चष्मा पुसून पुन्हा बघेपर्यंत ते जागेवरून सरकले होते.

नोकरीत असताना शहादेवरावांनी अनेक विहिरी प्रत्यक्ष न पाहता पूर्ण केल्या होत्या. त्यामुळे प्रत्यक्ष दिसलेल्या गोष्टीचं काय करायचं, याचा त्यांना सराव नव्हता.

टँक त्यांनी वास्तुशास्त्राच्या सल्ल्यानं घेतला होता. मुलगा पुण्यात, घर रिकामं. ईशान्येला मासे ठेवा, भरभराट होईल, असं सांगण्यात आलं. एकाच्या घरी भरभराट होणार म्हटल्यावर सगळ्या कॉलनीनं टँक घेतले. सगळे टँक स्टँडजवळच्या मैनुद्दीनच्या दुकानातून आले. मैनुद्दीन टँक बसवायला आला, तो पुढे रोज संध्याकाळी चहालाही येऊ लागला. दोघं टँकसमोर खुर्च्या टाकून बसत. फारसं बोलत नसत. दिवसातला तेवढाच वेळ शहादेवरावांना आपण कशाचेतरी माजी आहोत हे आठवत नसे.

"आवं, मूठ मूठ खाणं टाकताव, खाली समदं कुजायलंय," शिवकन्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "किडे न्हाई पडणार तर काय मोती पडतेल?"

बायकोनं घरात दिलेलं उत्तर ग्राह्य धरण्याची पद्धत शहादेवरावांच्या खात्यात नव्हती. त्यांनी फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला: "सदर जीव कोणत्या जातीचे आहेत? कृपया मार्गदर्शन व्हावे."

त्यांचा हेतू शास्त्रीय होता. परंतु तो शब्द पडताच, सकाळचे सुविचार पाठवून झोपी गेलेला ग्रुप खडबडून जागा झाला. कुणी फोटो मोबाइलच्या ॲपला दाखवला; ॲपनं 'शेवया' असं ठामपणे सांगितलं. दुसऱ्याच्या ॲपला ते जीव कापलेली नखं वाटले. मग एकानं लिहिलं, "जात नंतर बघू. आधी टँक कुणाकडून घेतला ते बघा." या प्रश्नाला इतके अंगठे पडले की तोच उत्तर समजण्यात आला.

त्या रात्री प्रत्येक घरात बॅटरी लावून टँक तपासण्यात आला. प्रत्येक घरात ते पांढरे दोरे निघाले. सकाळी प्रत्येकानं आमचा टँक स्वच्छ असल्याचं ग्रुपवर जाहीर केलं, आणि कॉलनीत फिशटँकवर टॉवेल टाकायची पद्धत पडली. पाहुण्यांनी विचारलं तर माशांना दृष्ट लागते, असं सांगण्यात येई.

कॉलनीचे अध्यक्ष अजिनाथराव प्लॉटिंगच्या धंद्यात होते. त्यांनी आपल्या बंगल्याच्या पोर्चमध्ये बैठक बोलावली आणि 'सूक्ष्म जीव ओळख व प्रतिबंध उपसमिती' स्थापन केली. समितीला एक तज्ज्ञ लागतो. म्हणून महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या लुबना मॅडमना पाचारण करण्यात आलं. मॅडमनी नमुना नेला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "गाळावर जगणारे साधे कृमी आहेत. माशांना काही करत नाहीत. खाणं कमी टाका, तळ साफ करा. आपोआप कमी होतील."

"ते ठीक हाय मॅडम," अजिनाथराव म्हणाले. "पण आले कुठून?"

"एखाद-दुसरा टँकमधल्या पाणवनस्पतीबरोबर आला असेल. हे सगळे इथेच जन्मले, तुमच्याच पाण्यात. उलट मासे बाहेरचे आहेत. कोलकात्याहून येतात."

अजिनाथरावांनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हंजे आमचे मासे घुसखोर म्हणताव का तुमी?"

"मी कुणालाच काही म्हणत नाही. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यांची रिक्षा वळताच समितीनं अशी नोंद घेतली, की मॅडम विद्वान आहेत, मात्र नाव पाहता त्यांचं मत एका बाजूचं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अजिनाथरावांची मुलगी याच मॅडमकडे शिकून डॉक्टरकीला लागली होती. पण ते शिक्षण होतं, हा अस्मितेचा प्रश्न होता. पुढे समितीनं व्याख्याही निश्चित केली. काचेतून शोभून दिसतो तो मूळ रहिवासी. न बोलावता जन्मतो तो घुसखोर.

ठराव सोपा होता. मैनुद्दीनच्या दुकानातून कुणी काही घ्यायचं नाही आणि सर्व टँकमध्ये जंतुनाशक टाकायचं. ते जंतुनाशक अजिनाथरावांच्या मेव्हण्याच्या नव्या दुकानात मिळणार होतं. दुकानाचं उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं, हा समितीच्या मते योगायोग होता.

संध्याकाळी मैनुद्दीन आला. खुर्ची होती तिथेच होती, पण तो बसला नाही.

"साहेब, मासे कोलकात्याचे. पाणी तुमच्या नळाचं, खाणं तुमच्या हातचं. मपली निस्ती काच हाय. काचंला किडे पडतेत का?"

"मैनुद्दीनभाई, मला समदं कळतंय. पण मला कॉलनीत राहायचंय."

"मला बी गावात राहायचंय की, साहेब." त्यानं टँककडे बघितलं. "तुमी सही केली का?"

शहादेवरावांनी माशांकडे पाहिलं. "सर्वानुमते झालं," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी नोकरीभर वापरला होता. त्यात एक सोय असे: ते काम कुणीच केलेलं नसे.

शिवकन्याबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा दारात फक्त शहादेवराव उभे होते.

जंतुनाशक पडलं आणि पांढरे दोरे त्याच दिवशी मेले. ते तळाशी कुजले, त्यांच्यासोबत रोजच्या मुठींचा गाळ कुजला, पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. आठवडा संपायच्या आत सगळे आडवे होऊन तरंगले. शिवकन्याबाईंनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पपईच्या झाडाखाली पुरले, हात धुतले आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता कुणाची जात इचारताव?"

त्यानंतर त्या त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलू लागल्या.

हे घराघरात झालं. समितीची पुन्हा बैठक झाली आणि पाहणीअंती असं जाहीर करण्यात आलं, की कॉलनीतील कोणत्याही टँकमध्ये एकही अनधिकृत जीव शिल्लक नाही, सबब मोहीम शंभर टक्के यशस्वी. पाणी बदलण्यात आलं. निळे दिवे लागले, बुडबुडे सुटू लागले, प्लास्टिकचा किल्ला झळकू लागला. पहिला पुढाकार घेतला म्हणून शहादेवरावांना 'आदर्श फिशटँक' प्रमाणपत्र मिळालं. कड्याहून, लिंबागणेशहून लोक जीप करून ते नितळ पाणी बघायला आले आणि आपल्याकडेही अशीच समिती हवी, असं म्हणत परत गेले. मैनुद्दीननं दुकान मोडलं आणि बायकामुलांना घेऊन तो परळीला, भावाच्या फळांच्या गाड्यावर गेला.

शहादेवराव अजून संध्याकाळी टँकसमोर बसतात. एकदा, घरात कुणी नाही असं बघून, ते बॅटरी घेऊन काचेला नाक लावून बसले. कोपरे पाहिले, किल्ल्याच्या मागे पाहिलं. एक तरी पांढरा दोरा हलतोय का, म्हणून बराच वेळ पाहिलं. पाणी अतिशय स्वच्छ होतं.

ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सर्वांनी हळहळ व्यक्त केली. माणसं किती खालच्या थराला गेली, एवढी शिकली तरी यांच्या डोक्यातली जात काही जात नाही, असं म्हणून माना हलवल्या. आणि निघता निघता, चपला घालताना, आवाज जरा खाली आणून प्रत्येकानं विचारलं, "बरं, ते शहादेवराव आणि ते अजिनाथराव... आडनावं काय म्हणालात?"

म्हणालो नव्हतो. तुम्हीही मघापासून तीच शोधताय, ते दिसतंय.