सासरेबुवांचा शेजारी

सासरे वारले तेव्हा मी मनाशी ठरवलं की या वेळी जावयाने काहीतरी करून दाखवायचं. आमच्या घानातल्या कुमासीत माणूस गेला की त्याची तसबीर चौकाचौकांत लागते. मी म्हटलं, आपण वेबसाइट काढू. सासऱ्यांच्या कुळाचे प्रमुख नाना अडुसेई म्हणाले, "काढा जावईबापू, पण स्वतंत्र जागा घ्या. आमचा माणूस भाड्याच्या खोलीत नको." मी मान डोलावली आणि गुपचूप शेअर्ड सर्व्हरवर साइट टाकली, जिथे एकाच यंत्रावर शेकडो साइटी दाटीवाटीने राहतात. तिथे माझं जुनं खातं होतं (कशासाठी उघडलं होतं ते आठवेना. मला लग्नाचा वाढदिवसही आठवत नाही).

सासूबाईंचा एकच हट्ट होता, ओसेई आल्याशिवाय माती द्यायची नाही. ओसेई त्यांचा मुलगा, सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडून हॅम्बुर्गला गेलेला. मंगळवारी त्याचा फोन आला.

"भाऊजी, मी येत नाही. बाबांनी नको म्हटलंय."

"अरे, ते कसे म्हणतील?"

"साइट उघडली तर सगळा पडदा लाल. 'पुढे धोका आहे, मागे फिरा.' तीनदा उघडली. त्यांचा राग गेलेला नाही."

फोन ऐकून सासूबाई मटकन खाली बसल्या. मी साइट उघडली. लालभडक. सर्व्हरवाल्यांच्या ऑफिसात फोन लावला तर मिसेस एसुमान शांतपणे म्हणाल्या, "शेजारच्या साइटमध्ये कोणीतरी घुसलंय, तिथून घाण तुमच्याकडे आलीय. दहा बिऱ्हाडांचं एक अंगण असतं ना, तसंच हे. एकाने कडी लावली नाही की चोर सगळ्यांकडे."

"कोण हा नालायक?"

"शोधते. उद्या या."

तोवर अंगणात वडीलमंडळी जमली होती. नानांच्या हातात श्नॅप्स या कडक दारूची बाटली होती. ती जमिनीवर ओतून ते पितरांना विचारणार होते, मृताला नाराज कोणी केलं? मला घाम फुटला. (मृत सासऱ्यांना माझा पासवर्डसुद्धा माहीत असणार.)

सेरवाने, म्हणजे बायकोने, माझ्याकडे बघितलं. "अफियाचे बाबा, तुम्ही का थरथरताय?"

मी सगळं सांगून टाकलं. फक्त जोर शेजाऱ्यावर दिला.

"म्हणजे ठेवलंत शेवटी भाड्याच्या खोलीत," नाना म्हणाले. मग त्यांनी ओसेईला फोन लावून दरडावलं, "तुझा बाप काही बोललेला नाही. शेजाऱ्याची घाण आहे. तिकीट काढ." पलीकडून बराच वेळ फक्त रडणं ऐकू आलं. सासूबाईही रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मुख्य म्हणजे जीव वाचला.

पण बाटली उघडलेली होती. नानांनी श्नॅप्स ओतलं. "ज्याने कडी लावली नाही, त्याचं पोट चाळीस दिवस ठिकाणावर राहू देऊ नका."

"तसंच होवो," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

दुसऱ्या दिवशी मिसेस एसुमान यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "सापडला. तुमच्याच खात्यातली साइट आहे. 'सार्पोंग यांचा गोगलगाय-पालन सल्ला.' तीन वर्षं कोणी फिरकलेलं नाही. पासवर्ड एक-दोन-तीन-चार."

सार्पोंग मीच. गोगलगायी तेव्हा आठवड्यात मेल्या होत्या, सल्ला तेवढा जिवंत राहिला होता.

"पुसून टाकू?" त्यांनी विचारलं.

"टाका," मी म्हटलं, आणि पोटात गुडगुडलं.

शनिवारी ओसेईने बापाच्या शवपेटीला खांदा दिला. जेवणाच्या पंगतीत नाना माझ्या शेजारी बसले होते.

"जावईबापू, फुफूला हात लावला नाहीत. आणि हो, त्या शेजाऱ्याचं काही कळलं का?"

"कळलं नाना," मी उठत म्हटलं. "बिचाऱ्याला बुधवारपासून सुरू झालंय."