बसा, सोडतो

आमच्या कॉलनीत सकाळी पायी फिरायला जायचं तर लपतछपत जावं लागे. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं आणि मी रोज कोपऱ्यापर्यंतच चालत असे. तिथे आण्णांची जीप शेजारी येऊन थांबायची, दार उघडायचं आणि आतून हुकूम यायचा, "बसा सर, सोडतो."

"आण्णा, मी फिरायला निघालोय."

"हाव, मग चालत कशाला? गाडीतून फिरू की. आपली काय जबरदस्ती न्हाई." हे म्हणेपर्यंत त्यांनी माझा दंड धरून मला आत ओढलेलं असायचं.

बँकेतून निवृत्त झालेले देशपांडे तर जीपचा आवाज आला की कडुलिंबाच्या आड जाऊन उभे राहत. देशपांडे अंगाने भरलेले, कडुलिंब सडपातळ. आण्णा खाली उतरत, झाडाला वळसा घालून म्हणत, "कुणाची वाट बघून राहिले? बसा, सोडतो." मग देशपांडे शिक्षा भोगायला निघाल्यासारखे मागच्या बाकावर चढत.

आण्णा पाटबंधारे खात्यातले. निवृत्त होताना बाकीच्यांनी खात्याकडून शाल-श्रीफळ घेतलं, आण्णांनी खात्याची जुनी जीप लिलावात घेतली. तिच्यावर त्यांनी स्वतः हिरवा रंग मारला, पण ती ओली झाली की खालचं 'महाराष्ट्र शासन' वर येई. त्यामुळे ते जीप धुऊन लगेच बाहेर काढत. नाक्यावरचा हवालदार सावरून उभा राहिला की त्यांना पुढचे चार दिवस भूक चांगली लागायची.

अशा माणसाला मुलाने मेलबर्नला कायमचं राहायला बोलावलं. काकू लगेच तयार झाल्या. त्यांची नात चालायला लागली होती आणि ते चालणं त्यांनी फक्त फोनवर पाहिलं होतं. आण्णांनी मात्र मुलाला कळवून टाकलं, "जीप येत असल तर मी येतो. न्हाईतर तुमी खुशाल राहा."

मुलगा फोनवर समजावून थकला. आण्णांजवळ एकच मुद्दा होता आणि तो त्यांनी सगळ्या कॉलनीला गाडीत बसवून ऐकवला. "तिथंबी डाव्या बाजूनंच चालवतेत सर. स्टेरिंग उजवीकडंच. म्हंजे आपली गाडी तिथं चालतीय. देवानंच तशी सोय करून ठेवलीय." ती जीप नांदेडहून हदगावपर्यंत वाटेत दोनदा थांबल्याशिवाय कधी गेली नव्हती, हा मुद्दा कुणी काढला नाही. काढणारा आतच बसलेला असायचा आणि त्याला उतरायचं असायचं.

शेवटी मुलाने हात टेकले आणि परदेशी सामान पाठवणारा लातूरचा एक एजंट शोधून दिला. एजंटाने फोनवरच बजावलं, तिकडे तपासणी फार कडक असते. गाडीत मातीचा कण, बियाणं, काडीकचरा, काही सापडता कामा नये. सापडलं तर गाडी परत.

"माती चालत न्हाई?" आण्णा मला म्हणाले. "मग ते लोक पेरतेत कशात?"

पण ते कामाला लागले. हदगावच्या शेतातली काळी माती त्या जीपमध्ये वर्षानुवर्षं मुक्कामाला होती. आण्णा लुंगी खोचून जीपखाली झोपत आणि जुन्या टूथब्रशने एकेक नट घासत. बाकाखालून सोयाबीन निघालं, तूर निघाली, हळकुंडं निघाली, कुणाच्या तरी लग्नातली सुपारी निघाली. पायदानाखाली तर सोयाबीनचं एक रोप चांगलं बोटभर वाढलेलं होतं. ते आण्णांनी कुंडीत लावलं. महिनाभर कॉलनीतली माणसं बिनधास्त पायी फिरली आणि आण्णांचा हा परदेशप्रवास असाच लांबत राहावा, असं देशपांडे उघड बोलू लागले.

तपासणीच्या दिवशी एजंट लातूरहून सकाळीच आला. टॉर्च घेऊन तो जीपखाली शिरला, आत शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, इतकी स्वच्छ गाडी मी शोरूममध्येपण पाहिली नाही. चहा घेतो, मग फोटो काढू आणि पॅक करू." तो आत चहाला बसला.

आता गाडी चालली साता समुद्रापलीकडे. आमच्याकडे नवी सायकलसुद्धा पूजा केल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. काकू ताट घेऊन आल्या. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघालं, झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबं गेली. आण्णांनी नारळ असा आपटला की पाणी आणि खोबऱ्याचे तुकडे जाळीतून थेट इंजिनात गेले. मग त्यांनी मूठभर अक्षता उचलल्या. "आतूनबी पायजेत," म्हणाले आणि बाकांवर, पायदानात, डॅशबोर्डच्या फटींत भक्तिभावाने तांदूळ उधळले. मीही उभा होतो. मला वाटलं, राहिल्याच होत्या अक्षता.

एजंट बाहेर आला आणि कपबशी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"हे तांदूळ कुणी टाकले?"

"आमीच," आण्णा अभिमानाने म्हणाले.

पोरगा सज्जन होता. ओरडला नाही. "एक दाणा निघाला तरी गाडी अडकते, काका. पुन्हा धुऊन घ्या, पुढच्या आठवड्यात येतो."

आण्णांनी जीपकडे पाहिलं. "पूजा केलेली धुऊन टाकायची व्हय?" ते म्हणाले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. न्हाई न्यायची."

"तुम्ही ऱ्हा नाहीतर या," काकू ताट उचलत म्हणाल्या, "मी चालले." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि प्रश्न तिथेच मिटला.

संध्याकाळी आण्णा बंद जीपमध्ये स्टेअरिंग धरून बसलेले दिसले. त्या दिवशी मी न बोलावता शेजारी जाऊन बसलो.

"पोरगा चांगला हाय सर. सून तर लेकीवानी," ते म्हणाले. "पण मागच्या खेपेला गेलतो तवा केस कापायलाबी शनवारपर्यंत थांबावं लागायचं. कुणी नेलं तरच जायचं. मी आपला खिडकीत बसून त्यांची गाडी कधी येती ते बघायचो. इथं माझ्या गाडीची लोक वाट बघतेत. तिथं म्या पोराला म्हणायचं, बाबा, सोडतो का?"

मला फार वाईट वाटलं. लोक या गाडीची वाट कशी बघतात, ते मी बोललो नाही.

जीप माझ्याकडे ठेवून ते निघाले. स्टेशनला सोडायला मीच जीप काढली. आण्णा त्या जीपमध्ये पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. नाक्यावर एक बाई गाठोडं घेऊन उभी होती.

"सर, थांबवा." आणि खिडकीतून डोकं काढून, "बसा मावशी, सोडतो."

बाईला एसटी स्टँडला जायचं होतं. काकूंनी घड्याळ पाहिलं. मी जीप स्टँडकडे वळवली. उतरताना बाई माझ्याकडे न बघता आण्णांना म्हणाली, "लई बरं झालं भाऊ."

गाडी सुटताना आण्णा खिडकीतून एवढंच म्हणाले, "सर, कुणी चालताना दिसलं तर..."

"सोडतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप बाहेर काढली. देशपांडे सवयीने कडुलिंबाच्या आड गेले. मी थांबलो, पण मला ती हाक काही मारता येईना. थोड्या वेळाने त्यांनी झाडाआडून डोकावून पाहिलं. उजवीकडे मी बसलोय हे त्यांना दिसलं.

"गेले का आण्णा?"

"गेले."

ते झाडाआडून बाहेर आले, स्वतःच दार उघडून माझ्या शेजारी बसले आणि बाकावर पडलेले तांदळाचे दोन दाणे उचलून हातात धरून राहिले.

"कुठं सोडू?" मी विचारलं.

"घरी," देशपांडे म्हणाले. त्यांचं घर समोरच होतं.