सामंतकाकूंचं बहुमत

सामंतकाकू कुठलीही गोष्ट मतास टाकल्याशिवाय करत नाहीत. ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आम्ही पाच जण. मी आरडाओरडा करायच्या बेतात होतो, तर काकू म्हणाल्या, "आधी ठरवू या. ओरडायचं की वाट बघायची? हात वर करा." तीन विरुद्ध दोन मतांनी ओरडायचं ठरलं. काकू विरोधात होत्या, पण बहुमताचा निर्णय म्हणून सगळ्यांत मोठ्यांदा त्याच ओरडल्या.

काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. काका गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. बरीच वर्षं त्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. कचऱ्याच्या डब्यांचा रंगसुद्धा मतास. "विचारलं नाही तर माणूस रुसतो, विचारलं तर भांडतो. भांडलेला बरा," असं त्या म्हणायच्या. आणि आम्ही भांडायचो. पाण्यावरून, कुणाच्या कुंड्यांवरून, सगळ्यांत जास्त पार्किंगवरून. त्या पार्किंगच्या भांडणातच कुणीतरी सरकारी कचेरीत तक्रार केली, कमिटी बरखास्त झाली आणि कल्याणहून प्रशासक आले.

प्रशासक म्हणजे एक मवाळ, नीटनेटके गृहस्थ. कुणाला काही विचारायचे नाहीत. नोटीस लावायचे आणि जायचे. टाकी साफ झाली, नवी लिफ्ट आली, सभा बंद झाल्या. खोटं कशाला बोलू, आम्हाला हायसं वाटलं. सहा महिन्यांसाठी आलेल्या प्रशासकांना मुदतवाढ मिळाली, मग आणखी एक, मग आम्ही लक्ष देणंच सोडलं.

एका सकाळी जिन्याखालचं बाकडं दिसेना. इमारतीतली म्हातारी माणसं संध्याकाळी तिथं टेकायची. जागेवर नोटीस होती: 'अडथळा दूर करण्यात आला आहे.'

काकू मला सोबत घेऊन कल्याणच्या सरकारी कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला.

"तक्रार वैयक्तिक आहे की संस्थेची?"

"संस्थेची," काकू म्हणाल्या.

"मग संस्थेच्या सहीनं द्या."

"सही प्रशासकांची असते."

"हो, त्यांची घ्या."

"त्यांच्याच विरुद्धच्या तक्रारीवर?"

"मॅडम, पद्धत तशी आहे."

साहेबांच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. परत येताना रिक्षात काकू म्हणाल्या, "चिडला असता तर भांडता तरी आलं असतं रे."

वर्षभरानं निवडणूक घ्यायचं पत्र आलं. काकू दारोदार फिरल्या, मी जोडीला. तिसऱ्या मजल्यावरचा निखिल म्हणाला, "मस्त चाललंय ना काकू. कोण घेणार डोक्याला ताप?" पूर्वी त्यांच्याशी कडाकडा भांडणारे कुलकर्णी म्हणाले, "तुम्ही उभ्या राहा, आमचा पाठिंबा आहे. फक्त आमचं नाव नको." शेवटी अर्ज आले दोन, काकूंचा आणि माझा. तेवढ्यावर कमिटी होत नाही. प्रशासकांना पुन्हा मुदतवाढ मिळाली. हे काही कुणी आमच्यावर लादलं नव्हतं. कडी आम्हीच आतून लावून घेतली होती.

त्या आठवड्यात मी काकूंकडे गेलो. दार उघडायला त्यांना वेळ लागला.

"बेल वाजली, मला खरंच वाटेना," त्या म्हणाल्या. "पूर्वी रोज कुणीतरी यायचं. तावातावानं यायचे, पण यायचे. हे गेले त्या वर्षी तर कुलकर्ण्यांनी पाण्यावरून रोज भांडण काढलं. बरंच झालं. संध्याकाळ निघून जायची."

काकू चहा टाकायला उठल्या. सवयीनं त्यांनी मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि पाणी ओतलं. मग जरा थांबल्या, पाणी परत माठात ओतलं आणि फळीवरचं छोटं भांडं काढलं.