मिरच्या, वांगं आणि बंद धागा

आख्ख्या रुसे शहरात आपल्याइतका नियमाचा पक्का माणूस दुसरा नाही, असं झेल्याझ्को तांचेव स्वतःच सांगायचा. शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरखात्यातून निवृत्त होऊन त्याला सात वर्षं झाली होती. पण इंटरनेटवरच्या घरगुती दुरुस्तीच्या एका फोरमचा ॲडमिन म्हणून तो अजून ड्यूटीवरच होता. त्या नोकरीला पगार नव्हता आणि निवृत्तीही नव्हती. सतरा वर्षांत पार विटून गेला होता बिचारा.

विटणार नाही तर काय? दोन हजार सात साली कुणीतरी तिथं फ्रिज विकायला काढला होता. परवा एकानं त्याच धाग्यावर, म्हणजे त्याच चर्चेखाली, विचारलं, फ्रिज आहे का अजून? एका बाईंनी कुणाला तरी मुलगी झाल्याचं वाचून बाळ-बाळंतिणीला शुभेच्छा दिल्या. ते बाळ यंदा शाळा संपवून कॉलेजात गेलं होतं. अशी मढी उकरणाऱ्यांसाठी झेल्याझ्कोनं दोन नियम केले होते. पहिला, नवा प्रश्न विचारण्याआधी जुने धागे शोधावेत. दुसरा, जुना धागा वर काढू नये, नवा प्रश्न विचारावा. दोन्ही एकदम पाळायचे कसे, असं एकदोघांनी विचारलं होतं. त्यांना त्यानं हाकललं.

सप्टेंबरातला शनिवार होता. बाल्कनीत चाळीस किलो लाल मिरच्या पोत्यांत बसून होत्या. त्या भाजायच्या, सोलायच्या, बरण्यांत भरायच्या आणि रविवारी वार्नाहून मुलगी आली की अर्ध्या तिच्या गाडीत घालायच्या, असा बेत होता. बायकोनं, एव्दोकियानं, मिरच्या भाजायची विजेची भट्टी लावली, पहिल्या तीन मिरच्या आत सोडल्या आणि दोन मिनिटांत भट्टी थंडगार पडली.

"जेवणापर्यंत चालू करून देतो," झेल्याझ्को म्हणाला.

"कुठल्या जेवणापर्यंत तेवढं सांग," एव्दोकिया म्हणाली.

त्यानं वायर बदलली. कॉइल तपासली, ती ठणठणीत होती. भट्टी दोन मिनिटं तापायची आणि रुसलेल्या जावयासारखी गप्प बसायची. तिचा कारखाना बंद पडून तीस वर्षं झालेली, तेव्हा विचारायचं कुणाला? राहता राहिला फोरम. पण सतरा वर्षं लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या ॲडमिननं स्वतःच्या नावानं मिरच्यांची भट्टी कशी दुरुस्त करायची, असं विचारायचं? लोक काय म्हणतील? म्हणून त्यानं नवं खातं उघडलं. नाव काय द्यावं सुचेना. समोर ओट्यावर वांगी पडली होती. त्यानं लिहिलं, 'वांगं'.

वांग्यानं नवा प्रश्न विचारला. चार मिनिटांत तो बंद झाला. बंद करणारा कालिन, प्लोव्दिवचा पोरगेला ॲडमिन, झेल्याझ्कोनंच फोनवरून तयार केलेला. "हा विषय झालेला आहे. आधी शोधावे," असं त्यानं लिहिलं होतं आणि खाली दोन हजार आठच्या एका धाग्याचा पत्ता दिला होता.

झेल्याझ्कोनं तो धागा उघडला. पेन्यो नावाच्या माणसानं हाच प्रश्न विचारला होता. तीच भट्टी, तीच दोन मिनिटं. त्याखाली सहा जणांची सहा निरुपयोगी उत्तरं, आणि शेवटी पेन्योचं एकच वाक्य: "जमलं! फारच सोपं होतं. आभार." काय सोपं होतं, ते कुठंच नव्हतं. त्याखाली झेल्याझ्कोच्याच हातचं, "प्रश्न सुटला. धागा बंद."

त्यानं ॲडमिन म्हणून कुलूप काढलं आणि वांगं म्हणून विचारलं, "पेन्यो, काय सोपं होतं?"

कालिन लगेच हजर. पंधरा वर्षं जुना धागा वर काढू नये, नवा प्रश्न विचारावा. वांग्यानं नम्रपणे कळवलं की नवा विचारला होता, तो आपणच बंद केलात. कालिननं त्याला पहिली ताकीद दिली आणि धागा बंद केला. ताकिदीतला शब्द न् शब्द झेल्याझ्कोचा होता. त्याला राग आला, आणि थोडा अभिमानही वाटला. त्यानं कुलूप काढलं. कालिननं घातलं. त्यानं पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा कालिननं जाहीर केलं की फोरममध्ये बिघाड झालाय, सदस्यांनी घाबरू नये.

तोवर धागा वर आल्याचे ईमेल जुन्या सहाही जणांना आपोआप गेले होते. एक जण येऊन सांगून गेला की दरम्यान त्याचा घटस्फोट झाला. दुसऱ्या दोघांची बरणीत व्हिनेगर किती घालावं यावरून जुंपली. मग शुमेनच्या म्लादेनाबाई आल्या. पेन्यो म्हणजे राझग्रादचा ना? तो दोन वर्षांपूर्वीच गेला, देव त्याला शांती देवो.

झालं. एकतीस श्रद्धांजल्या आल्या. कुणी मेणबत्तीचं चित्र लावलं. शोक चाललेला धागा बंद करणं माणुसकीला धरून नव्हतं, म्हणून कालिननं हात आवरता घेतला. झेल्याझ्को खुर्चीत मागे टेकून बसला.

एव्दोकियानं विचारलं, "कोण गेलं?"

"पेन्यो."

"कोण पेन्यो?"

"ज्याला भट्टीचं माहीत होतं तो."

तिनं एक टोपली भरून घेतली आणि ती जिना उतरून गेली.

तीनच्या सुमाराला पेन्योनं स्वतः लिहिलं. आपण जिवंत आहोत, गेला तो गल्लीतला दुसरा पेन्यो. बायकोला सकाळपासून लोक फोन करताहेत, कृपया थांबवा.

वांग्यानं घाईघाईनं लिहिलं की तुम्ही जिवंत असल्याचा मनापासून आनंद आहे, काय सोपं होतं? त्यावर लोक खवळले. वांग्याला काळीज नाही, असं म्लादेनाबाईंनी लिहिलं. पेन्यो मात्र समजूतदार निघाला.

"मला त्यातलं काय कळतंय," त्यानं लिहिलं. "तेव्हा मेव्हण्यासोबत भट्टी रुसेला नेली होती. तिथं बॉयलरखात्यात झेल्याझ्को म्हणून आहे, इथलाच ॲडमिन. त्यानं उभ्या उभ्या पाच मिनिटांत करून दिली. त्यालाच विचार. सोन्यासारखा माणूस आहे."

झेल्याझ्कोनं हे दोनदा वाचलं. मग डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. उघडी डिकी आठवली. भट्टीला गुंडाळलेली कसलीशी सतरंजी आठवली. मेव्हण्याच्या मिशासुद्धा आठवल्या. भट्टीला काय केलं ते काही केल्या आठवेना. खाली अकरा जणांनी विचारलं होतं की झेल्याझ्को कुठं आहेत, त्यांनी येऊन सांगावं.

जिन्यातून भाजल्या मिरच्यांचा वास आला. त्यामागून एव्दोकिया आली. तळमजल्यावरच्या स्तामेनाच्या भट्टीवर तिनं नेलेल्या बारा किलो मिरच्या होऊनही गेल्या होत्या. ती त्याच्या मागे उभी राहून पडद्यावरचं वाचत राहिली.

"मग विचारलंस का त्याला?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"त्याला आठवत नाही."

तिनं मान हलवली आणि बाल्कनीतलं पोतं ओढायला लागली. तेवढ्यात कालिनचा निरोप आला. "झेल्याझ्कोकाका, सकाळपासून हे वांगं छळतंय. तुम्ही दिसलाच नाहीत कुठं. हाकलू का त्याला?"

झेल्याझ्कोनं लिहिलं, "हाकल." आणि पोत्याचं दुसरं टोक धरायला उठला.